नखं सारखी तुटून राहिली का? मग हे करून बघा

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी होते नं, की नखांचे पापुद्रे सुटतात, त्यात दिवसभर भांडी-धुणं म्हणजे हात सारखे ओले-कोरडे, म्हणून भांडी घासताना रबरी हातमोजे घालाच आणि रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेल चोळा. नखं आंघोळीनंतर कापा, मऊ असतात. मुळाजवळची कातडी अजिबात कापू नका, तिथूनच इन्फेक्शन शिरतं.

नख केराटिनचं, म्हणजे प्रोटीनचंच, म्हणून डाळ, अंडी पाहिजेच. पालेभाजीसोबत संत्रं खा बरं का, व्हिटॅमिन सीमुळे लोह अंगी लागतं, चहा मात्र जेवणाला लागून नको. नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, तर ६ महिने धीर धरा. चमच्यासारखी खोलगट दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.