पीसी चालू होत नाही? मदरबोर्डवर आळ सगळ्यात शेवटी घ्या

घरी जोडलेला पीसी बंद पडला की पहिला संशय मदरबोर्डवर जातो, आणि बहुतेक वेळा तोच निर्दोष निघतो. घोळ असतो सैल कनेक्टरचा, रॅमचा नाहीतर एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणारा डबा). सोलापुरात आणखी दोन गोष्टी धरा: हवेतली सुताची रुई आणि एप्रिल-मेचं ऊन.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल, सेटिंग सगळं एकदम हलवलंत तर पीसी सुरू होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही.

बटण दाबूनही ढिम्म

एसएमपीएसच्या मागचा खटका रेघेच्या बाजूला दाबलेला आहे का पाहा. मग मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पीसी उठला तर कॅबिनेटचं बटण किंवा त्याची वायर खराब.

नाही उठला तर एसएमपीएस एकटा तपासा. मेन बंद करून सगळे कनेक्टर काढा, २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला कागदाच्या क्लिपने जोडा, मग मेन चालू करा. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, मॅन्युअलमध्ये १६ नंबरची पिन शोधा. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस मेला असं समजू नका. काही मॉडेलचे पंखे लोड आल्याशिवाय फिरतच नाहीत. उलट, इथे आकडे बरोबर आले तरी लोडवर तो मान टाकू शकतो, तेव्हा शक्य तर दुसरा लावून बघाच.

एसएमपीएस स्वतः मात्र उघडायचा नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

प्रोसेसरजवळचा ८ पिनी कनेक्टर लावायचा राहून जातो. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनी वेगळा असतो, तो इथे कोंबू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे ना? इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येत नाही.

मग रॅम. एकच स्टिक ठेवा, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि 'खट्' आवाज येईपर्यंत दाबा. काळवंडलेल्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका. तरीही नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा चपटा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बोर्डाची सेटिंग मूळ स्थितीत येतात. डीडीआर५ रॅम नवी असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळा स्क्रीन राहतो. घाईने बटण दाबून बंद करू नका.

बोर्डावर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथूनच सुरुवात करा.

थोडा वेळ चालतो, मग बंद

यंत्रमागांच्या वस्तीत हे हमखास. कूलर वरून स्वच्छ दिसतो, पण पंखा काढलात की खाली पत्र्यांवर घोंगडीसारखा रुईचा थर बसलेला असतो. तो ब्रशने उचलून काढा, नंतर ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरली तर बेअरिंग जातं. मागांजवळ घर असेल तर दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी. कूलरच काढला असेल तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा. नव्या कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म सोलायची विसरू नका.

खोलीच ४० अंशांवर असेल तर काही काम नसताना प्रोसेसरचं ५० अंश तापमान हा बिघाड नव्हे. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

लाइट गेल्यावर यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो? ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. त्यावर ग्राफिक्स कार्डासकट गेम चालू असेल तर तो कोलमडणारच.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या

घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणाऱ्या करंटला वाटच मिळत नाही. सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. नसेल तर वायरमनला बोलवा.

आता मदरबोर्ड

बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस एवढंच जोडा. इथे चालला तर कॅबिनेटमध्ये जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खुंट) मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करत होता. चांगली रॅम आणि चांगला एसएमपीएस लावूनही मेलेलाच असेल तर प्रोसेसर काढून टॉर्चने सॉकेटच्या पिना बघा. वॉरंटीत देताना सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण बसवा. वाकलेली पिन दिसली की क्लेम नाकारला जातो.