वस्तीतलं विज्ञान मंडळ कसं उभं करावं

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या कुटुंबांत हुशार मुलांची वानवा नाही. वानवा आहे ती स्वतःच्या हातांनी प्रयोग करायच्या संधीची. त्यासाठी चकचकीत प्रयोगशाळा लागत नाही. दर रविवारी न चुकता हजर राहणारी, वस्तीतलीच चार-पाच माणसं लागतात.

म्हणून आधी माणसं हेरा. लेथवर काम करणारा दादा रोज व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हाताळतो. द्राक्षबागेतले काका ब्रिक्स मीटरला डोळा लावून मण्यांची गोडी सांगतात; प्रकाशाचं वक्रीभवन त्यांच्याइतकं जवळून कोण दाखवणार? बाहेरचा पाहुणा एकदा बोलून जातो, हे लोक पुढच्या रविवारीही भेटतात. खोलीची किल्ली आणि हजेरीवही मात्र एखाद्या आईकडे द्या. वेळही आयांना विचारूनच ठरवा, नाहीतर पाणी भरण्याच्या वेळेत वर्ग ठेवाल आणि मुली येणारच नाहीत.

जागेसाठी समाजमंदिर चालेल. शाळेची खोली मिळाली तर उत्तम. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. विषय तिथे मांडा आणि ठराव लेखी घ्या. मुख्याध्यापक बदलले तरी तो कागद कामी येतो.

पहिला प्रयोग सावलीचा करा. एक मीटरची काठी, ओळंबा, टेप आणि खडू एवढ्यावर भागतं. काठी ओळंब्यात उभी करून बारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असं मुलं ठामपणे सांगतील. सांगू द्या, आणि मोजूही द्या. सर्वांत आखूड सावली बाराच्या बरीच नंतर पडते, कारण भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. ती आखूड सावलीच उत्तर-दक्षिण दिशाही दाखवते.

हीच नोंद महिन्यातून एकदा घ्या. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 22 डिसेंबरला सावली साधारण 95 सेंटिमीटर, 21 मार्चला 36 सेंटिमीटर भरते आणि 20 मेच्या सुमारास जवळपास नाहीशी होते. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मात्र प्रत्येक वेळी सांगा.

पुढे सेल, एलईडी, चुंबक, भिंग घ्या. घरातल्या विजेवर एकही प्रयोग नको. बागेच्या हंगामापुरती आलेली मुलं अचानक गावी परततात, म्हणून प्रत्येक रविवारचा प्रयोग त्याच दिवशी पूर्ण होईल असा आखा.

आठवीतल्या मुलांसाठी एक काम वेगळं काढा. सरकारी, जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतली मुलं एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. अर्ज शाळेमार्फत जातो. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा मंडळातल्या एकाने जूनमध्येच पालकांना घेऊन सेतू केंद्र गाठावं.