थकव्याचे रिपोर्ट वहीत कसे मांडावे

गेल्या नवरात्रात गरब्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत मी कडेला जाऊन बसले. सगळा जन्म बडोद्यात गेलेल्या बाईला हे सांगायचीही लाज. वय शेहेचाळीस. मंगळबाजारातल्या तीन दुकानांची खाती लिहिते. दुपारी तीन वाजले की आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागायचे. शेजारच्या बेन म्हणाल्या, "अशक्ति छे, बी-ट्वेल्व करावी लो ने." सासूबाई म्हणाल्या, "वय झालं आता, कमाटीबागेत चालायला जात जा."

मी पेपरातली जाहिरात बघून 'फुल बॉडी' पॅकेज केलं. ऐंशीच्या वर तपासण्या, बारा पानं, आणि त्यात फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह सांगणारी तपासणी, नाही! म्हणून पहिलं काम हे: पॅकेजचा आकडा बघू नका, यादी वाचा. सतत थकवा असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टी.एस.एच. (थायरॉइडसाठी), बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) हवंच. बाकीचं डॉक्टरांवर सोडा.

दुसरं काम सुई टोचायच्या आधीचं. रोज पोटात जाणारं सगळं वहीत लिहा, केसांची गोळीसुद्धा. मी ती 'औषध' धरलीच नव्हती. पहिल्या रिपोर्टात टी.एस.एच. आला ०.२ आणि फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा रस) जास्त, म्हणजे थायरॉइड जोरात पळतोय. आणि मी? पंख्याखाली शाल पांघरणारी, बद्धकोष्ठाने वैतागलेली, सहा महिन्यांत चार किलो वाढलेली, म्हणजे लक्षणं सगळी सुस्त थायरॉइडची. जमा-खर्च जुळत नसेल तर आधी नोंद तपासायची, हे मला दुकानात कळतं, स्वतःच्या रिपोर्टात मात्र कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केसांसाठी काही घेता?" त्या गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन (एक व्हिटॅमिन) होतं. काही मशीनवर बायोटिन टी.एस.एच. खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतं. किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवावं लागतं. मी आठवडाभर थांबले आणि पुन्हा रक्त दिलं. टी.एस.एच. ६.८, फ्री टी-४ नॉर्मल. चित्र उलटं झालं.

टी.एस.एच. हा थायरॉइडचा रस नव्हे, तो मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेला आवाज. थायरॉइड सुस्त, तर आवाज मोठा. म्हणून तो वाढला म्हणजे थायरॉइड कमी पडतोय. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मलची हद्द साधारण ०.४ ते ४.५. माझ्यासारखा थोडा वर आणि टी-४ ठीक असेल, तर लगेच जन्मभराची गोळी ठरत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात, अँटी-टीपीओ (शरीरच थायरॉइडवर उलटलंय का, ते बघणारी तपासणी) करतात. दहाच्या वर गेला की बहुधा गोळी सुरू होते. गरोदर बाईचा हिशेब मात्र वेगळा, तिथे वाट बघायची नाही. हा आकडा पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, तेव्हा दर वेळी एकाच सुमाराला, शक्यतो एकाच लॅबला जा. उपाशी राहायची गरज नसते. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तपासणी पुढे ढकला.

माझा खरा खड्डा दुसरीकडेच निघाला. हिमोग्लोबिन ११.४, म्हणजे बायकांच्या १२च्या हद्दीपेक्षा जरासंच खाली, आणि फेरिटिन ९. हिमोग्लोबिन म्हणजे गल्ल्यातली रोकड, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक आधी संपते. १५च्या खाली गेलं तर लोह संपलंच म्हणायचं, तिसाच्या खाली असलं तरी संशय घ्यायचा. ताप किंवा कुठे सूज असेल तर मात्र फेरिटिन खोटं चढतं. आणि सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी पण फेरिटिन चांगलं असेल, तर मनाने लोहाच्या गोळ्या खाऊ नका; थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष) आहे का ते विचारा.

पण नुसत्या गोळीने हिशेब मिटत नाही. लोह गेलं कुठे? माझी पाळी वर्षभर आठ-आठ दिवस चालत होती आणि मी ते सासूबाईंसारखंच 'वय' म्हणून सोडून दिलं होतं. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसला.

बी-१२ आला १५८. २००च्या खाली कमतरता, २०० ते ३०० अधांतरी. आम्ही घरात अंडंही खात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरी बी-१२ उतरतं. तळपायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. रक्त द्यायच्या आधी मेडिकलवाल्याकडून इंजेक्शन घेऊन मोकळ्या होऊ नका. मग रिपोर्ट आभाळाला भिडतो आणि कारण दडून राहतं.

व्हिटॅमिन डी मध्ये '२५-हायड्रॉक्सी' हेच नाव आहे ना, ते बघा. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमी. पण युनिट वाचा: नॅनोमोलमध्ये तोच आकडा अडीचपट दिसतो, माझे १४ तिथे ३५ झाले असते. ६०,००० युनिटचं पाकीट डॉक्टरांनी बहुधा आठवड्याला एक सांगितलेलं असतं. माझ्या एका नातेवाइकांनी ते रोज घेतलं. कॅल्शियम चढून उलट्या सुरू झाल्या. पाकिटावर वार लिहून ठेवा.

थायरॉइडची गोळी लागलीच तर सकाळी अनशापोटी, पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. डोस बदलला की सहा-आठ आठवडे थांबून तपासायचं, त्याआधी खर्च वाया.

वहीत एका पानावर रकाने आखा: तारीख, वेळ, तपासणी, आकडा, युनिट, त्या दिवशी चालू असलेलं औषध. शेवटचा रकाना 'अंगाला काय वाटतं'. जाड ठशातला 'एच' (जास्त) किंवा 'एल' (कमी) उतरवू नका, आकडाच उतरवा, १.९ वरून ४.२ झालेल्या टी.एस.एच.वर कोणतंच अक्षर छापून येत नाही. वजन आपोआप उतरणं, चालताना धाप, छातीत दुखणं, काळी शी यांतलं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सगळे आकडे ठीक येऊनही थकवा तसाच राहिला तर झोपेत घोरणं आणि मनाची उदासी, दोन्ही डॉक्टरांजवळ बोला.

लोह आणि बी-१२ सुरू केल्यावर तीन महिन्यांनी माझा टी.एस.एच. ५.१ झाला, थायरॉइडची गोळी अजून नाही. पुढची तपासणी दसऱ्यानंतर लावली आहे. नवरात्रात रात्री बारा-साडेबाराला घरी येऊन सकाळी आठला हात पुढे करायचा, तर टी.एस.एच.मध्ये जागरण किती नि थायरॉइड किती, कोण सांगणार?