ऑटोमेशन टेस्टिंग शिकायचंय? टूल नंतर, आधी एसटीचं तिकीट

लातूर-नांदेड-परभणीकडच्या पोरांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, सेलेनियम शिकायलोय, प्लेराइट पण करू का?" (दोन्ही ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायची टूलं.) मग क्लास कुठला, पुण्यात रूम कुठं, पगार किती. नेमकं तपासायचं काय, हे क्वचितच कुणी विचारतं. आता मी नवीन मुलांच्या मुलाखती घेतो, आणि बहुतेकांची गाडी टूलवर नाही, इथंच अडते.

म्हणून मी त्यांना एसटीचं तिकीट देतो. ५ वर्षांखाली मोफत, ५ ते १२ अर्धं. ६५ ते ७५ ला निम्मं, ७५ च्या पुढं ऑगस्ट २०२२ पासून मोफत. बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं. वय, स्त्री की पुरुष आणि पूर्ण भाडं दिलं की तिकिटाचे पैसे सांगणारं छोटं फंक्शन पायथनमध्ये लिहा. आता त्याच्या टेस्ट लिहा.

बहुतेक जण २५, ३०, ४० अशी वयं टाकतात. तिन्ही एकाच गटातली, एक बरोबर आलं की उरलेली दोन काही नवं सांगत नाहीत. चूक बसलेली असते बांधावर: ४ आणि ५, १२ आणि १३, ६४ आणि ६५, ७४, ७५ आणि ७६. 'पेक्षा मोठं' लिहायचं की 'मोठं किंवा समान', एवढ्यात प्रोग्रामर घसरतो. मग ७० वर्षांची आजी घ्या. भाडं १०० रुपये असेल तर तिला ५० लागतील की दोन्ही सवलती एकावर एक लागून २५? आणि ज्याला आजच ७५ पूर्ण झाली त्याचं काय? उत्तर कोडमध्ये शोधू नका, नियम ठरवणाऱ्याला विचारा. कोड वाचून अपेक्षित उत्तर लिहिलंत तर कोडमधली चूक जशीच्या तशी तुमच्या टेस्टमध्ये उतरते, आणि दोघं मिळून हिरवे, म्हणजे पास, दिसतात. कंपनीत निम्म्याहून जास्त कामाचे बग असे प्रश्न विचारतानाच सापडतात, स्क्रिप्ट लिहायच्या आधी, असं माझं मत आहे.

सगळीच वयं, सगळीच भाडी तपासू म्हणाल तर ते होत नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी हे पन्नासेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय: टेस्टिंगनं बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे सिद्ध करता येत नाही.

दुसरी गोष्ट असर्शनची, म्हणजे हवं तेच आलं का हे तपासणाऱ्या ओळीची. मुलाखतीत एक स्क्रिप्ट हमखास बघायला मिळते: ब्राउझर उघडतो, नाव-पासवर्ड टाकला जातो, लॉगिनचं बटण दाबलं जातं, संपलं. मी पासवर्ड चुकीचा टाकून परत चालवायला सांगतो. स्क्रीनवर लाल अक्षरात एरर, आणि खाली टेस्ट पास! बटण दाबल्यावर काय दिसायला हवं हे कुठं लिहिलेलंच नसतं. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांची तुलना नसेल तर ती टेस्ट नाही, नुसती माऊस फिरवायची सोय आहे.

ब्राउझरच्या टेस्ट दिसायला भारी, पण हळू आणि नाजूक. तिकिटाच्या हिशोबाच्या टेस्ट थेट फंक्शनवर लिहा, पायथनच्या टेस्ट चालवणारं पायटेस्ट पुरतं. त्या क्षणात होतात. एपीआयवर (एक प्रोग्राम दुसऱ्याशी बोलतो ती वाट) त्याहून कमी, आणि स्क्रीनवरून फक्त मोजक्या वाटा: लॉगिन, बुकिंग, पेमेंट. सॉफ्टवेअरवर लिहिणारे माइक कोन यांच्या टेस्ट पिरॅमिडचा (खाली जास्त, वर कमी) अर्थ एवढाच.

ब्राउझरवर काम करताना सगळ्यात छळतात त्या कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट. कारण बऱ्याचदा एकच असतं, 'पाच सेकंद थांब' असं लिहिलेलं. पुण्यातल्या ऑफिसात पान दोन सेकंदांत येतं, गावाकडच्या नेटवर दहा लागतात. सेकंद मोजू नका, ते बटण दिसेपर्यंत थांबायला सांगा. सेलेनियममध्ये हे आपण लिहायचं असतं, प्लेराइट क्लिक करण्याआधी बरंचसं स्वतःच थांबतं. तसंच प्रत्येक टेस्टनं आपला डेटा आपण तयार करावा. पहिली फेल झाली म्हणून पुढच्या सगळ्या पडल्या, असं होता कामा नये.

आणि एकदा लिहिलेल्या टेस्ट वर्षानुवर्षं त्याच चालवल्या तर नवे बग त्यांना सापडत नाहीत. टेस्टिंगवर पुस्तकं लिहिणारे बोरिस बायझर यांनी याला कीटकनाशकाचा विरोधाभास म्हटलंय. कापूस लावणाऱ्या घरातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आपण २०१७ च्या हंगामात पाहिली आहेच. जुन्या टेस्ट ठेवायच्याच, पण डेटा बदलायचा, नव्या घालायच्या, आणि हातानं तपासणंही सोडायचं नाही.

जाता जाता: दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव लावून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पडताळणीत सापडलात तर लागलेली नोकरीही जाते. पहिली नोकरी मॅन्युअल टेस्टिंगची मिळाली तरी खुशाल घ्या, अपेक्षित काय हे तिथंच कळायला लागतं. इंग्रजी अडखळत असेल तर बग रिपोर्ट लिहायचा सराव करा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. साधी तीन वाक्यं.

सरावासाठी एसटीच्या किंवा सरकारच्या खऱ्या साइटवर स्क्रिप्ट सोडू नका, लोकांची कामं चालू असतात तिथं. सॉसडेमो नावाची सरावाचीच साइट आहे. तिच्यावर तिथंच दिलेल्या स्टँडर्ड यूजरनं लॉगिन करून वस्तू किमतीनुसार लावायची टेस्ट लिहा. पास झाली की तीच टेस्ट प्रॉब्लेम यूजरनं चालवा. त्या यूजरसाठी साइट मुद्दाम बिघडवलेली आहे, किमतीनुसार लावणं चालतच नाही. तुमची टेस्ट तिथं लाल झाली तर गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाका, कशी चालवायची ते चार ओळींत लिहा, आणि लिंक रेझ्युमेत द्या. तिथंही हिरवीच राहिली, तर असर्शनची ओळ परत वाचा.