तंबोऱ्यावरून ओळखावा ध्वनिमुद्रणातला दोष

शास्त्रीय संगीताचे डिजिटल ध्वनिमुद्रण ऐकताना काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही, तेव्हा बहुतेक जण हेडफोन बदलतात किंवा इक्वलायझरशी खेळत बसतात. त्याऐवजी दोष साधनात आहे की फाइलमध्ये, हे आधी ठरवावे. प्लेअरमधला इक्वलायझर, सराउंड आणि आवाज समपातळीत आणणारी सोय बंद करून तीच फाइल दुसऱ्या उपकरणावर ऐकावी. तोच दोष त्याच जागी पुन्हा ऐकू आला, तर तो फाइलमध्येच आहे.

यानंतर गवयाकडे लक्ष न देता फक्त तंबोरा ऐकावा. गायन सुरू होण्यापूर्वीचे अर्धे मिनिट पुरते. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा बसवून साधलेला झंकार) नीट लागलेली असेल, तर तार छेडल्यावर नाद हळूहळू उमलतो, आणि खर्जाच्या तारेतून गंधारही डोकावतो. तबल्यावर जोरकस थाप पडताच हा नाद दबून पुन्हा वर येत असेल, तर मुद्रण करताना आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय चालू राहिली आहे. तंबोरा काही सेकंदांत विरून गेला किंवा पाण्याखालून आल्यासारखा वाटला, तर कारण आहे गोंगाट काढणारी यंत्रणा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते आणि अखंड चालणारा नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. फोनवर मुद्रण करायचे असल्यास या दोन्ही सोयी बंद करता येतील असेच अ‍ॅप वापरावे. तंबोरा एकदा पुसला गेला की तो कोणत्याही प्रक्रियेने परत येत नाही.

तार सप्तकातली पुकार फाटल्यासारखी वाटत असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीमध्ये ती जागा मोठी करून पाहावी. लहरींचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले, तर मुद्रणाची पातळी चढी होती, आणि आता आवाज कमी करून काही उपयोग नाही. पुढच्या वेळी २४ बिटमध्ये मुद्रण करावे आणि सर्वांत मोठी तानही उणे ६ डेसिबलच्या (शून्य म्हणजे कमाल पातळी) वर जाऊ देऊ नये. पातळी कमी राहील ही भीती अनाठायी आहे, कारण १६ बिटमध्येसुद्धा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो.

एमपी३ फाइलचे दोष तबल्याच्या चाटेवर (कडेवरच्या बोलावर) उघडे पडतात: बिटरेट (दर सेकंदाला साठवलेली माहिती) कमी असला की बोल बोथट होतो आणि त्याच्या निमिषभर आधी हलकीशी खरखर ऐकू येते. १२८ किलोबिटच्या फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा ध्वनी केव्हा किती आहे, हे दाखवणारे चित्र) बहुधा १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास सरळ रेषेत तुटलेला दिसतो. फ्लॅक (काहीही न गाळता आकार कमी करणारा प्रकार) म्हणवणाऱ्या फाइलमध्ये अशीच रेषा दिसली, तर ती एमपी३वरून बनवलेली असण्याचा दाट संशय घ्यावा. जुन्या मुद्रणांत मात्र वरचे ध्वनी मुळातच क्षीण असतात, त्यामुळे नुसत्या उताराला पुरावा मानू नये.

पट्टीची चूक तर पुष्कळदा लक्षातच येत नाही. ४४.१ किलोहर्ट्‌झच्या नमुनादराची (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले, तो आकडा) फाइल ४८ची समजून वाजवली गेली, तर काळी एकमधला ख्याल पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जातो आणि तासाभराची मैफल ५५ मिनिटांत संपते. हा दोष निरुपद्रवी आहे, कारण फाइलवर नोंदलेला नमुनादर दुरुस्त केला की सगळे जागेवर येते. १९८०च्या दशकातल्या काही सीडींचा कर्कशपणाही असाच दूर होतो. त्यांत वरचे ध्वनी मुद्दाम उचललेले असतात आणि सीडी प्लेअर ते पूर्ववत करतो. संगणकावर उतरवताना मात्र ही पायरी राहून जाते. सॉक्स या प्रणालीत त्यासाठी तयार गाळणी (फिल्टर) आहे. विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुणही अरुंद गाळणीने कमी होते.

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे जुन्या तबकड्यांची खरखर काढणे. मूळ फाइल अस्पर्श ठेवून प्रतीवर काम करावे. ऑडॅसिटीच्या गोंगाट कमी करण्याच्या सोयीत फक्त काढून टाकलेला अंश ऐकण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. त्या अंशात नुसती खरखर असेल, तर ठीक. तंबोऱ्याची जवारी किंवा शब्दांतला ‘स’ ऐकू आला, तर मात्रा निम्मी करून पुन्हा ऐकावे.