ठाणे-नवी मुंबईहून बाईकवर लांब जायचंय? बॅग अशी निवडा

बॅग बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, किती लिटरची? तो शेवटी विचारायचा. आधी बघायचं की बॅग आपल्या बाईकवर कुठे टेकणार, कशाला बांधली जाणार आणि सायलेन्सरपासून किती लांब राहणार. बांधायला धड जागा नसेल तर महागातली बॅगही माळशेजच्या पहिल्या वळणांतच एका बाजूला कलते. म्हणून दुकानात बाईक घेऊनच जा आणि बॅग बांधून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एकटेच जाणार असाल तर मागच्या सीटवरची टेल बॅग सगळ्यात सोपी. दोन-तीन दिवसांच्या कोकण फेरीला ३० ते ४० लिटर पुरतात. मागे कोणी बसणार असेल तर दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा लागतात, आणि खरे घोळ इथेच होतात. कापडी सॅडल बॅगेला सॅडल स्टे, म्हणजे बाजूची लोखंडी चौकट, हवीच. ती नसेल तर बॅग आत झुकते आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायरला घासते. डावीकडचा साडी गार्ड काढून टाकू नका, तोही बॅगेला चाकापासून दूर ठेवतो. बहुतेक बाईकना सायलेन्सर उजवीकडे असतो. बॅग आणि पाइप यांच्यात निदान चार बोटं अंतर हवं, कारण नायलॉन वितळायला तापलेला पाइप पुरतो. भरलेल्या बॅगा बांधून मागे एकाला बसवा, सीट दाबायला सांगा आणि तुम्ही वाकून चाक, पाइप, इंडिकेटर तपासा. दोन्ही बाजूंचं वजन जवळपास सारखं ठेवा.

चुंबकाची टँक बॅग घेण्याआधी टाकीला साधा चुंबक लावून बघा. प्लॅस्टिकचं आवरण असेल तर तो धरणारच नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून हॉर्नचं बटण दाबलं जात नाही ना, हेही बघा.

टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागच्या रॅकवर बसणारी पेटी, शहरात सोयीचा, पण त्याचं वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर येतं. पुण्याला जाताना एक्स्प्रेसवे दुचाकींना बंद, म्हणजे जुन्या हायवेने बोरघाट चढणं आलं. त्या चढावर मागे जड झालेल्या बाईकचं पुढचं चाक हलकं पडतं. हत्यारं, पंक्चर किट, पाण्याच्या बाटल्या सॅडल बॅगेत तळाशी ठेवा. टॉप बॉक्समध्ये कपडे आणि रेनकोट. रॅकची वजनमर्यादा ओलांडू नका. बाईकच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल भारात तुम्ही, मागे बसणारा आणि सामान, सगळं धरलेलं असतं.

पावसाळ्यात बॅगेसोबत मिळणाऱ्या रेन कव्हरवर विसंबू नका. वेगात त्यात हवा भरते, ते निसटतं, आणि टिकलं तरी तळाशी पाणी साचतं. तोंड गुंडाळून बंद होणारी, वेल्डेड (म्हणजे दोऱ्याऐवजी उष्णतेने चिकटवलेल्या) शिवणीची ड्राय बॅग घ्या आणि तोंडाला किमान तीन घड्या घाला. घरीच आत वर्तमानपत्र ठेवून दहा मिनिटं शॉवरखाली धरा. कागद ओला झाला तर बॅग परत करा.

बांधायला हुकवाली लवचिक दोरी नको. धक्क्याने ती ताणते आणि हुक सुटून डोळ्याला लागू शकतो. बकलवाले चपटे पट्टे चार ठिकाणी, ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी) किंवा फ्रेमलाच बांधा. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून खोचायलाच हवीत, कारण ती चेनमध्ये गेली तर मागचं चाक जाम होतं. टेल लाइट आणि नंबर प्लेट झाकली जाऊ देऊ नका.

निघायच्या आधीच्या रविवारी पूर्ण सामान लादून पहाटे घोडबंदर रोडने गायमुख घाटापर्यंत जाऊन या. चाचणीसाठी पामबीच रोड नको, तो फारच गुळगुळीत आहे. टायरमध्ये हवा पुस्तिकेत मागे माणूस बसतो तेव्हाची दिलेली भरा, मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवा. दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा पुन्हा ओढा. सामान दबून बसलं की तो हमखास सैल पडलेला असतो.