शटर डावीकडून निघालं, तर आधी उजवीकडे बघा

चॅनेलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ज्या खाचेत शटर वरखाली होतं तिच्यातून, निघालेलं शटर जोर लावून उचलू नका. मालक मागे उभा राहून "जरा रेटा, जाईल वर" म्हणेल, तरी नाही. आधी खालच्या पट्टीखाली लाकडी ठोकळे लावा. मोटर असेल तर मेन बंद करा. मगच शिडी काढा.

मी स्वतंत्र कामं घ्यायला लागून चार महिने झाले होते. देवगडच्या बाजूला, समुद्राच्या अगदी जवळ, मुंबईकरांचं घर. गॅरेजचं शटर पावसाळाभर बंद. चतुर्थीला आठवडा असताना काकी आल्या, कुलूप काढलं, शटर हातभर वर गेलं आणि डावीकडच्या चार पट्ट्या चॅनेलबाहेर आल्या. मी जाऊन बघतो तर डाव्या चॅनेलचं तोंड फाकलेलं. झालं निदान! हातोड्याने चॅनेल सरळ केलं, पहारीने पट्ट्या आत ढकलल्या, दोनदा वरखाली करून दाखवलं, पैसे घेतले. चौथ्या दिवशी फोन. तिथेच, त्याच पट्ट्या. परत हातोडा, वर वेल्डिंगचे दोन टाके. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिसरा फोन: शटर अडकलंय, गाडी आत आणि मूर्ती आणायचीय. मूर्ती शेवटी रिक्षातून आली. काकी मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग लाज गुंडाळून माझ्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी डावीकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या बाजूला बॅटरी मारली आणि म्हणाले, "अरे, पट्टे सरकलेत. चॅनेलाक कित्याक मारतंस?"

हे सावकाश वाचा, कारण मला यात तीन खेपा आणि एक गिऱ्हाईक पडलं. पट्ट्या एकमेकींच्या दुमडलेल्या कडांत अडकवलेल्या असतात. त्यामुळे शटर गुंडाळता येतं. पण तीच पट्टी आडवी सरकायला लागली, तर ती दुमड तिला अडवत नाही. अडवतात त्या टोकाच्या क्लिपा किंवा ठोकून दाबलेली टोकं. आपल्याकडे खारी हवा आणि चॅनेलच्या तळाशी साचलेली तांबडी माती आधी त्या क्लिपाच खाते. मग प्रत्येक वरखालीत पट्टी थोडी थोडी सरकते. काकींच्या शटरात ती उजवीकडे गेली होती. उजवं टोक चॅनेलच्या पोटाला घासत होतं आणि डावं टोक चॅनेलमध्ये जेमतेम उरलं होतं. उजवीकडे अडकून शटर तिरकं झालं की तोकडं डावं टोक बाहेर पडायचं, आणि बाहेर पडता पडता चॅनेलचं तोंड फाकवायचं. मी मात्र दर वेळी ते फाकलेलं तोंडच मिटवत होतो.

ओळखायचं कसं? शटर बहुतेक वेळा जागेवरच रंगवलेलं असतं, म्हणजे चॅनेलच्या आतल्या भागाला रंग लागत नाही. रंगाची कड वरपासून खालपर्यंत सरळ दिसली तर पट्ट्या जागेवर आहेत. ती जिन्यासारखी मागेपुढे दिसली, एका बाजूला बिनरंगाचा पत्रा डोकावला, तर पट्ट्या दुसऱ्या बाजूला सरकल्यात. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते तीन वेळा केलं नाही.

दुरुस्तीत अवघड काही नाही, घाबरू नका. एका बाजूचं चॅनेल सोडवा, लाकडाचा तुकडा धरून एकेक पट्टी ठोकत मूळ जागी आणा. गंजून बसली असेल तर डिझेल ओतून रात्रभर थांबा. मग टोकांना नव्या क्लिपा. चॅनेल परत बसवताना भिंत जांभ्याची असेल तर नुसत्या फास्टनरवर, म्हणजे भोकात ठोकून आवळायच्या बोल्टवर, माझा विश्वास नाही. जांभ्याचा चिरा भुसभुशीत निघाला की भोक मोठं होतं आणि चॅनेल हलायला लागतं. आरपार बोल्ट आणि मागून पत्र्याची पट्टी, एवढं करा.

बाकीची कारणं पटकन ओळखू येतात. शटर वर जाताना एक बाजू पुढे पळत असेल तर शटरचं वजन तोलणाऱ्या वरच्या स्प्रिंगांपैकी एका बाजूची गेलीय. मधोमध फुगून दोन्हीकडून निघालं असेल तर वारा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर अशी कितीतरी शटरं आली. पत्रा मध्ये वाकला की टोकं आत ओढली जातात. सरकारी कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये साडेतीन मीटर रुंदीपर्यंत चॅनेल ६५ मिमी खोल आणि त्यापुढे ७५ मिमी सांगितलंय, ते यासाठीच. स्वस्तात केलेलं उथळ चॅनेल समुद्रावर टिकत नाही.

आता स्प्रिंग. हाताने ओढायच्या शटरात वरचा पाइप दोन्ही टोकांना यू-क्लॅम्पने आवळलेला असतो, स्प्रिंगा त्याच्यावर गुंडाळलेल्या. शटर पूर्ण वर असलं तरी त्यांच्यात ताण उरतो. पाइप पान्याने पाइप धरल्याशिवाय तो क्लॅम्प सैल केला, तर पाइप गर्रकन फिरतो आणि पाना असेल तिथे फेकतो. शटर वर गुंडाळून दोरीने बांधा, दोघं जण राहा, अर्धा अर्धा फेरा सोडा. मोबाइलवर बघून हे एकट्याने करणाऱ्या पोरांचा मला राग येतो. तसाच "अजून तुझी वेळ आली नाही" म्हणत दोन वर्षं फक्त ग्राइंडर धरायला लावणाऱ्या मेस्त्र्यांचाही येतो. माझ्या मेस्त्रींनी पहिल्याच महिन्यात पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः दोरी धरली.

चॅनेलमध्ये जळकं ऑइल किंवा ग्रीस ओतू नका. माती चिकटून लुगदी होते आणि पुढच्या चतुर्थीला ती तुम्हालाच खरवडावी लागते. चॅनेल कोरडं पुसून मेणबत्ती घासा. ग्रीस फक्त स्प्रिंगेला.

गिऱ्हाईक फोटो पाठवतं तो नेहमी निघालेल्या बाजूचा असतो. मी आता घरून निघण्याआधी दुसऱ्या बाजूचाही मागवतो, रंगाची कड दिसेल असा.